हुशारांची तुकडी वेगळी काढावी का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करतात. घर एकत्र आहे. त्यांची मुलगी आणि धाकट्या जावेचा मुलगा एकाच अनुदानित मराठी शाळेत, एकाच वर्गात शिकतात. दोघं आता चौथी संपवून पाचवीत जातील. मुलीला चांगले गुण मिळतात, तिला शिष्यवृत्तीला बसवायचं आहे. पुतण्या अडखळत वाचतो, लिहिताना अक्षरं गाळतो, पेपर अर्धा कोरा ठेवून येतो. जाऊबाईंचं माहेर तेलंगणातलं. त्या दिवसभर विड्या वळतात आणि मुलाशी तेलुगूतच बोलतात. वर्गशिक्षिकांनी ‘याला स्पेशल शाळेत दाखवून बघा’ असं सुचवलं आहे. आता शाळेने ठरवलंय की जूनपासून पाचवीच्या दोन तुकड्या गुणांप्रमाणे करायच्या. आजवर त्या सरमिसळ असत. यापुढे वरच्या गुणांची मुलं ‘अ’ मध्ये आणि उरलेली ‘ब’ मध्ये. ताई शाळा व्यवस्थापन समितीवर पालक-सदस्य आहेत, त्यामुळे ठराव त्यांच्यासमोर सहीला येणार आहे. त्या विचारतात: ‘सही केली तर माझ्या मुलीचं भलं होईल, पण घरात जावेला तोंड कसं दाखवू? नाही केली, तर पोटच्या पोरीचं नुकसान करते का? सरकार म्हणतं सगळ्यांना एकत्र शिकवा. पण एका बाईंनी पस्तीस पोरांत कुणाकडे बघायचं?’

ताई,

तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एका बाईंनी पस्तीस मुलांत कुणाकडे बघायचं? हा प्रश्न अगदी खरा आहे. सगळ्या मुलांना एकत्र शिकवा म्हणणारी मंडळी तो बरेचदा टाळतात, आणि मग शिक्षकांचा त्या बोलण्यावरचा विश्वासच उडतो. तुमच्या मुख्याध्यापकांच्या मनात काही वाईट आहे असं मी मानत नाही. हाताशी जादा माणूस नाही, पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, निकाल दाखवायचा आहे आणि शिष्यवृत्तीत नाव काढायचं आहे. अशा वेळी तुकड्या पाडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. मात्र त्या स्वस्त उपायाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, ते सही करण्याआधी बघायला हवं.

आधी ‘हुशार’ कोण हे कसं ठरलं, ते पाहू. चौथीच्या गुणांवरून. मराठीच्या पेपराला वाचन लागतं हे उघडच आहे. पण गणितातलं शाब्दिक उदाहरणही वाचूनच कळतं, परिसर अभ्यासाचा प्रश्नही वाचावाच लागतो. ज्याला वाचायला वेळ लागतो तो प्रत्येक पेपरात मागे पडतो, आणि प्रगतिपुस्तकावर मात्र तो सगळ्याच विषयांत कच्चा असल्यासारखा दिसतो. अडचण एक, मोजली जाते चार ठिकाणी. तुम्हीच लिहिलंय की आईच्या विड्यांचा आठवड्याचा हिशोब हा मुलगा तोंडी करून देतो: हजारी मजुरी किती, खराब म्हणून काढलेल्या विड्या वजा जाता हातात किती. नऊ-दहा वर्षांच्या ज्या मुलाला हे जमतं त्याला गणितातही ‘ब’ तुकडीत बसवायचं, याला काय आधार आहे? मुख्याध्यापकांना हे जरूर विचारा, आणि रागाने नाही तर खरंच उत्तर हवंय म्हणून विचारा.

दुसरं, एकाच घरातली मुलं म्हणजे दोघांची सुरुवात सारखीच झाली, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. तशी ती झाली नव्हती. तुम्ही स्वतः मराठी शाळेत शिकलात, लेकीशी दोन्ही भाषांत बोलता, शिवाय ती मराठी बालवाडीत गेली. पुतण्याच्या कानावर पहिलीत जाईपर्यंत मराठी पडली ती गल्लीतली, तीही तेलुगू मिसळलेली. पहिलीत त्याला भाषा आणि लिपी दोन्ही एकदम शिकायची होती, जोडीला इंग्रजी होतं, आणि आता पाचवीत हिंदीची भर पडणार. तो चार वर्षं यातून वाट काढत आलाय, हे त्याचं श्रेय कुणीच त्याच्या पदरात घातलेलं नाही.

सोलापुरात ही काही एका घराची गोष्ट नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू. महापालिकेने मराठीखेरीज इतर माध्यमांच्याही शाळा चालवल्या त्या यामुळेच. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडीचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींना दिसलं की पाठ्यपुस्तक ज्या भाषेत आहे ती मुलांच्या घरची भाषा नाही. मुलांच्या घरी कन्नड होती. मुलं मंद आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. ते स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत आणले, पुस्तकात क्यूआर कोड घालून ध्वनिफिती आणि चित्रफिती जोडल्या. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला त्यामागे हे काम होतं. पुरस्काराची चर्चा खूप झाली. मूल शिकत नाही असं वाटलं की आधी भाषा तपासायची, या त्यातल्या साध्या धड्याची चर्चा मला फारशी ऐकू आली नाही.

आता तुकड्यांकडे येते. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘क’ तुकडी ढ पोरांची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यात काय होतं हे तुम्हीही शाळेत असताना पाहिलं असेल. अनुभवी शिक्षक ‘अ’ कडे जातात. ‘ब’ मध्ये जो जातो तो पुढच्या जूनमध्ये वर येईल असं कागदावर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात येत नाही, कारण वर्षभर त्याला कमी शिकवलं जातं आणि वर्षअखेरीला परीक्षा मात्र तीच द्यायची असते. मुलाला स्वतःबद्दल जे कळायचं ते पहिल्या आठवड्यातच कळून चुकतं. आणि ‘ब’ मध्ये कुणाची मुलं असतात ते एकदा यादी हातात घेऊन बघा. विडी कामगारांची, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांची, नुकती गावाकडून आलेल्यांची. ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही त्यांची. गुणांनी पाडलेली वाटणी अखेर घराघरांतल्या परिस्थितीची वाटणी होऊन बसते.

हा पेच एकट्या भारताचा नाही. फिनलंडमध्येही एके काळी चौथीनंतर मुलांचे रस्ते वेगळे व्हायचे, काही पुढच्या शिक्षणाकडे, बाकीची कामधंद्याकडे. १९६८ मध्ये त्यांच्या संसदेने सगळ्या मुलांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा असं ठरवलं आणि १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून सुरुवात करून ती देशभर आणली. तेव्हाही लोक तुमच्यासारखंच विचारत होते की हुशार मुलांचं काय. त्यामुळे तडजोड झाली: शाळा एक, पण वरच्या वर्गांत गणित आणि परकीय भाषांचे वेगवेगळे स्तर. १९८५ मध्ये हे स्तरही काढून टाकले. मात्र मुलं नुसती एकत्र बसवून ते थांबले नाहीत, आणि इकडे आपलं लक्ष कमी जातं. त्यांनी शाळाशाळांत विशेष शिक्षक दिले. एखादं मूल वाचनात अडलं की ते आठवड्यातून काही तास त्या शिक्षकाकडे जातं, दोन-चार मुलांच्या गटात शिकतं आणि पुन्हा आपल्या वर्गात येऊन बसतं. त्यासाठी आधी कुठलाही दाखला लागत नव्हता, अडचण दिसणं एवढं पुरेसं होतं. आणि ही मदत पहिली-दुसरीतच सुरू होत असे, मूल नापास होईपर्यंत कुणी वाट बघत नसे. इटलीने १९७७ च्या कायद्याने विशेष वर्ग बंद केले तेव्हाही सर्वसाधारण वर्गात साहाय्यक शिक्षक देण्याची तरतूद केली होती. एकत्र शिक्षण चालतं ते वर्गात आणखी एक माणूस आला तर. नुसता आदेश आला तर तुमच्या वर्गशिक्षिकांसारखी माणसं दमून जातात.

आपल्याकडे कागदोपत्री काहीच कमी नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सगळ्यांसाठी समान शाळा सांगितली होती आणि अपंग मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असायला हवा असंही म्हटलं होतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, त्यांत येतात. अशा अडचणी लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करण्याची जबाबदारी हा कायदा शाळेवर टाकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक. प्रत्यक्षात काय आहे हे तुम्ही जाणता. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक अनेक शाळांमध्ये फिरतात आणि एका शाळेच्या वाट्याला त्यांचा फारच थोडा वेळ येतो. म्हणून ‘कायदा आहे, भांडा’ एवढंच सांगून मी थांबणार नाही. पण कायदा माहीत असला की बैठकीत तुम्ही उपकार मागत नाही आहात, हे तुमच्या बोलण्यातून दिसेल.

मग मुख्याध्यापकांसमोर काय ठेवायचं? माझं मत असं की मुलांचे पातळीनुसार गट करायला हरकत नाही. वर्षभराची तुकडी करायला आहे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि त्याचा अनुभव महाराष्ट्रातच आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वर्ग कोणता हे न बघता मूल आज कुठे आहे ते बघून शिकवायची पद्धत बसवली. प्रत्येक मुलाला समोर बसवून दोन-तीन मिनिटं वाचायला द्यायचं: अक्षर ओळखता येतं का, शब्द येतो का, परिच्छेद वाचतो का, गोष्ट वाचतो का. त्यावरून गट. दिवसातला एखादा तास मुलं त्या गटात बसतात आणि बाकी दिवस आपापल्या वर्गात. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि गट बदलायचे. या पद्धतीचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी केला. मागे पडलेली मुलं यातून लक्षणीय पुढे जातात असं त्यात दिसलं. २०१९ चं नोबेल त्यांना आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं ते गरिबीवरचे उपाय असे प्रयोगांनी तपासण्याच्या कामासाठी. सरकारचं निपुण भारत अभियानही (२०२१) तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हेच लक्ष्य ठेवून आहे.

तुमच्या शाळेत हे असं होऊ शकतं. दोन्ही तुकड्या पूर्वीसारख्या सरमिसळच ठेवायच्या. रोजचा एक तास, शक्यतो सकाळचा, कारण दुपारी मुलं थकलेली असतात, चौथी आणि पाचवी दोन्ही वर्गांचा एकत्र धरायचा. त्या दोन वर्गांचे जेवढे शिक्षक तेवढे वाचनाचे गट. आठवड्यातले दोन दिवस हाच तास गणिताचा, आणि गणिताचे गट वेगळे. तुमचा पुतण्या वाचनात खालच्या गटात असेल, गणितात कदाचित वरच्या. तुमची लेक उलटही असू शकते. यात कुणालाही ‘ब’ चं पोर असं नाव पडत नाही, कारण गट विषयापुरता आणि तासापुरता असतो. एक अट मात्र धरून ठेवा: सगळ्यात खालच्या गटाला शाळेतला सगळ्यात चांगला शिकवणारा माणूस मिळाला पाहिजे. नवख्या किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या माथी हा गट मारला, तर फक्त तासाभराची ‘ब’ तुकडी तयार होईल. माणसं कमी पडत असतील तर जवळच्या अध्यापक विद्यालयाकडे विचारा. तिथल्या विद्यार्थ्यांना शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव करावाच लागतो. पूर्व भागात तेलुगू आणि मराठी दोन्ही उत्तम बोलणाऱ्या, बारावी झालेल्या मुली गल्लोगल्ली आहेत. त्यांतली एखादी या तासाला मदतीला आली तर मोठा फरक पडेल.

मुलीच्या नुकसानीचं बोलते, कारण तो प्रश्न विचारल्याची तुम्हाला लाज वाटतेय असं पत्रातून जाणवलं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. भराभर शिकणारं मूल रोज पाच मिनिटांत उदाहरण सोडवून उरलेला वेळ हाताची घडी घालून बसत असेल, तर ते नुकसानच आहे, आणि शाळेने तेही भरून काढायला हवं. पण तिला हवंय ते जास्त आव्हानाचं काम, आणि इतर मुलांना वर्गाबाहेर काढल्याने ते काम आपोआप मिळत नाही. ‘अ’ तुकडीत बहुधा जास्त गृहपाठ मिळेल. अवघड, डोकं खाजवायला लावणारं काम मिळेल का, हे विचारा. गटाच्या तासात तिला पाठ्यपुस्तकाबाहेरची मोठी गोष्ट वाचता येईल, स्वतः उदाहरणं तयार करता येतील, वर्गासाठी एखादा मजकूर तेलुगूतून मराठीत आणता येईल. शिष्यवृत्तीची तयारी शाळेच्या वेळेनंतर, ज्याला बसायचंय त्याच्यासाठी वेगळी होऊ शकते. त्यासाठी अख्खी तुकडी बदलायला नको.

आणखी एक. चौथीत वरच्या गुणांची असलेली मुलं सातवीत तिथेच राहतील असं नाही. उद्या ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये ढकलली जायची भीती घेऊन दहा वर्षांच्या मुलीने शाळेत जावं, हे तुम्हाला तरी हवंय का?

पुतण्याबद्दल सांगते, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. वर्गशिक्षिकांनी विशेष शाळेचं सुचवलं ते काळजीपोटी असेल, पण त्यांनी एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली. पहिली पायरी डोळे आणि कान. फळा नीट दिसतो का, एका कानाने कमी ऐकू येतं का. अक्षरं गाळणारी कितीतरी मुलं या दोनच गोष्टींनी मागे राहिलेली असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यात याचं नाव घातलं का ते विचारा. पथकाची वाट बघायची नसेल तर सिव्हिलमध्ये घेऊन जा.

दुसरी पायरी तेलुगू. जाऊबाईंना सांगा, त्याला एक गोष्ट ऐकवा आणि मग त्यालाच ती सांगायला लावा. मधला दुवा सुटतो का, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो का, कुणी असं का केलं हे सांगता येतं का. तेलुगूत हे सगळं नीट येत असेल, तर त्याची समज शाबूत आहे आणि अडलंय ते मराठीत किंवा वाचनात. मग रोज थोडा वेळ, तीन-चार महिने, अक्षरांपासून शांतपणे वाचन घ्यायचं. धड्यातला मजकूर आधी तेलुगूत सांगायचा, मग मराठीत वाचायचा. ‘क’ ला काना का, हे चिडून विचारायचं नाही. या काळात कोणती अक्षरं येतात आणि कोणती पुन्हा पुन्हा चुकतात, याची एक वही ठेवा. पुढे तज्ज्ञांना ती उपयोगी पडेल.

तिसरी पायरी तपासणीची. एवढं करूनही वाचन हलत नसेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच प्राथमिक चाचपणी करावी असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं, म्हणजे तुमच्या पुतण्यासाठी ती वेळ होऊन गेली आहे. तपासणीत बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ असतात, बुद्ध्यांक वेगळा मोजतात, वाचन-लेखन वेगळं. तिथे गेल्या गेल्या सांगा की मुलाची घरची भाषा तेलुगू आहे. मराठीतून विचारलेल्या प्रश्नांवर त्याचा बुद्ध्यांक ठरवला तर तो चुकीचा येईल, आणि असा चुकीचा आकडा मुलाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं राहतो. निदान झालंच, तर प्रमाणपत्राला घाबरू नका. त्याचा उपयोग परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि बोर्डाच्या इतर सवलतींसाठी होतो. लेखनिक घेणाऱ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा द्यावीत असा केंद्राचा नियम आहे. नातेवाइकांत सांगायचं की नाही, ते जाऊबाईंनी आणि दिरांनी ठरवावं.

विशेष शाळांबद्दल मनात अढी ठेवू नका. खुणांची भाषा शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांना किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना तिथे जे मिळतं ते आज सर्वसाधारण शाळा देऊ शकत नाहीत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कायद्याने दिलाय. म्हणजे निवड घरच्यांची आहे. पण विड्यांचा हिशोब तोंडी करणाऱ्या, फक्त वाचायला अडणाऱ्या मुलाला केवळ वर्ग सोपा व्हावा म्हणून तिकडे पाठवलं, तर त्याच्यावर अन्याय होईल आणि तिथल्या मुलांच्या हक्काचा वेळही खर्ची पडेल.

पाचवीच्या परीक्षेचा धसका तुमच्या पत्रात दोन ठिकाणी दिसला, म्हणून थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची मुभा मिळाली, महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून लागू झाली. पण त्याच दुरुस्तीत लिहिलंय की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. हे जादा शिकवणं बऱ्याचदा कागदावरच राहतं. ते कोण, किती दिवस आणि काय शिकवणार, हे शाळेकडून लिहून घ्या. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि त्याच वर्गात पुन्हा बसवलं म्हणजे मूल आपोआप शिकतं, असं मला वाटत नाही. तेच पुस्तक त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून काय बदलणार?

घरात मात्र बैठकीच्या आधी बोला. ठराव झाल्यावर जाऊबाईंना दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ते कायमचं मनात राहील. त्यांना मराठी कागद वाचता येत नसेल तर तेलुगूत समजावून सांगा, आणि जमलं तर पालकसभेला बरोबर घेऊन जा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी असंही सांगतो. ‘ब’ तुकडीत ज्यांची मुलं जाणार त्यांतलं कुणी समितीवर आहे का? नसेल तर ज्यांच्याबद्दल ठराव होतोय त्यांचा आवाज त्या खोलीत नाहीच, हे तुम्ही म्हणू शकता.

लेकीला पुतण्याची मास्तरीण करू नका, हेही कळकळीने सांगते. मोठ्यांना ते गोड वाटतं, पण एकाच वयाच्या दोन भावंडांत एक कायम शिकवणारी आणि एक कायम शिकणारा झाला की नातं वाकडं होतं. दोघांना मिळून बाजाराचा हिशोब करू दे. त्यात तोच पुढे असेल.

सहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आहे त्या स्वरूपात ठरावावर सही करू नका. पण नुसतं ‘नाही’ म्हणून उठू नका. वाचनाच्या गटांचा प्रस्ताव एका पानावर लिहून न्या, एका सहामाहीपुरता करून बघूया म्हणा. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाचं वाचन तपासायचं आणि दोन्ही नोंदी समितीपुढे ठेवायच्या, असं त्यात घाला. वर्गशिक्षिकांना आधी भेटा. त्यांचं ओझं कमी होणार आहे हे त्यांना पटलं तर त्याच तुमची बाजू मांडतील. मुख्याध्यापक तरीही अडून बसले तर ‘मी सहमत नाही’ असा शेरा कारणासह इतिवृत्तात लिहायला लावा आणि विशेष शिक्षकाच्या भेटींसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे समितीच्या नावाने अर्ज द्या.

शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. मे महिन्याच्या सुट्टीत डोळ्यांची आणि कानांची तपासणी उरकून घ्या. सिव्हिलमध्ये सकाळी लवकर जा, मुलाचं आधार कार्ड, चौथीचं प्रगतिपुस्तक आणि वर्षभराच्या दोन-तीन वह्या बरोबर ठेवा. डॉक्टरांना त्याचं अक्षर आणि चुका प्रत्यक्ष बघता आल्या की तुमच्या सांगण्यापेक्षा जास्त कळेल. त्या दिवशी तुमची कारखान्यातली हजेरी बुडणार असेल तर दिरांना जाऊ दे. आतापर्यंत या मुलाच्या शाळेचं सगळं दोन्ही जावांनीच पाहिलंय असं पत्रावरून दिसतं.

तुमची,
सदर-लेखिका